पुतळाबाईने सांगितलेलं बाळंतपण

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एक ओटा आहे. कोनगावातल्या, कल्याण-भिवंडी रस्त्याकडे पाठ करून बसलेल्या घराचा ओटा. एका कोपऱ्यात सुपात सुके बोंबील, दुसऱ्या कोपऱ्यात टेम्पो धुवायची बादली, मधोमध लाल प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीसमोर तीन पायांवर उभा असलेला कॅमेरा. मागच्या रस्त्यावरून कंटेनर गेला की ओट्याची फरशी थरथरते, कॅमेराही थरथरतो, आणि कॅमेऱ्यामागची मुलगी म्हणते, "थांबा आजी, जाऊ दे त्याला."

खुर्चीवर बसलेली बाई म्हणजे पुतळाबाई. माझी नायिका. वय साठीच्या आसपास, हिरवं लुगडं, नाकात मोठी नथ नाही पण नथीचं भोक मात्र नथ असल्यासारखं मिरवणारं. साल दोन हजार नऊ, दिवाळी नुकतीच झालेली.

मी विंगेत. म्हणजे दाराच्या चौकटीला टेकून. आयुष्यभर प्रकाशात उभं राहिलेल्या बाईला विंगेत उभं राहणं जड जातं, पण त्या दिवशी भूमिका माझी नव्हती.

पुतळाबाई धवलारीण होती. आगरी लोकांच्या लग्नात भटजी असो वा नसो, धवलारीण लागतेच. हळद दळण्यापासून नवरी सासरच्या उंबऱ्यात पोचेपर्यंत ती धवले गाते, देवांना बोलावते, कुठला विधी कधी ते सांगते. नवरीने त्या दिवसांत तोंड उघडायचं नसतं. माहेर सुटताना तिला जे काही वाटत असेल ते तिच्या शेजारी बसून धवलारीण बोलते, तिची होऊन. पुतळाबाईने अशा किती नवऱ्यांची रडणी रडली असतील याचा हिशेब नाही. वळगावापासून कल्याणच्या खाडीपर्यंत तिला बोलावणं असे. एका मांडवात आयेसाठी रडून, दुसऱ्या मांडवात जाऊन मटण-भाकरी खाऊन ती हसतमुख घरी यायची.

आमची ओळख फार जुनी. त्या काळी गावोगावच्या जत्रेत हौशी मंडळी नाटक बसवायची आणि बायकांच्या भूमिकेसाठी मुंबईहून नटी ठरवून आणायची. मी अशीच ठरवून आणलेली नटी. कोनच्या जत्रेत मी एका दुःखी सुनेची भूमिका केली होती. तिसऱ्या अंकात ती सून बाळंत होते आणि मरते. मी मेले, टाळ्या झाल्या, कुणीतरी शिट्टीही वाजवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या खोलीत तोंडाचा रंग उतरवत बसले होते, तर दारात एक नवीन लग्न झालेली आगरी पोर उभी. हातात झाकलेली थाळी. थाळीत डिंकाचे लाडू.

मी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "राती बालंत झालीस ना? मंग खा."

मी म्हटलं, अगं, मी तर मेले. त्यावर तिने मला वेडीला बघावं तसं बघितलं. "मेलीस ती राती. आता सकाल झाली."

ती पुतळाबाई. तिला ते नाटक आहे हे कळत नव्हतं असं समजू नका. तिला सगळं कळत होतं. पण बाळंतपण झालं म्हटल्यावर लाडू द्यायचे, एवढं तिचं ठरलेलं होतं. पुढे मी भिवंडीतच लग्न करून राहिले, नवरा कापडाच्या लूमवर मास्तर, आणि पुतळाबाई मला कायमची "नटीबाय" म्हणत राहिली. ते लाडू मात्र मला आजही नीट कळलेले नाहीत, आणि त्या दिवशी ओट्यावर जे झालं तेही.

तर कॅमेऱ्यामागची मुलगी ऋतिका. वळगावची, शिकलेली, मुंबईच्या एका संस्थेत काम करणारी. संस्था बाळंतपणात दगावणाऱ्या, मरता मरता वाचणाऱ्या बायांसाठी झटत होती. त्यांची पद्धत अशी की बायांनी स्वतःच्या तोंडाने स्वतःवर बेतलेलं सांगायचं, ते इंटरनेटवर टाकायचं, बघणाऱ्यांनी खाली आपलं मत लिहायचं आणि एका मागणीवर नाव घालायचं. मागणी साधी होती. भिवंडीत बाळंतिणीसाठी रक्त साठवून ठेवायची सोय हवी. बाया कॅमेऱ्यापुढे बुजतात म्हणून ऋतिकाने मला बोलावलं. मी त्यांना श्वास घ्यायला शिकवायची, हात कुठे ठेवायचे ते सांगायची.

पुतळाबाईची पहिली खेप अगदीच फुकट गेली. तिने सांगितलं की भाविक, तिचा एकुलता एक मुलगा, घरीच झाला. दुपारी ती मिठागरावरून आली, पोट दुखलं, सुईण आली, संध्याकाळी चूल पेटवली. संपलं. ऋतिका बिचारी म्हणाली, आजी, काही त्रास? पुतळाबाई म्हणाली, त्रास झाला, सुईनीला तमाखू पायजे होती आनि घरात नव्हती.

आम्ही सगळ्या हसलो. ओट्याच्या कडेला तिची सून दिपाली आपल्या दोन वर्षांच्या रूपाला भात भरवत होती, तीही हसली. मग ऋतिकाने समजावलं. लोकांना सोपं बाळंतपण ऐकून काय कळणार? जे कठीण गेलं, ज्याने जीव गेला असता, ते सांगा. आणि असं सांगा की ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, हे या बाईच्या अंगावरून गेलंय.

 पुतळाबाईने पदर डोक्यावरून पुढे ओढला, डोळे मिटले. मांडवात नवरीशेजारी बसल्यावर ती नेमकं असंच करायची. मला ते ओळखीचं होतं. ऋतिकाला नव्हतं.

आणि ती बोलू लागली. पोर झाली, वार पडली, पण रक्त थांबेना. पहिल्या दवाखान्यात डॉक्टरीण होती, रक्त नव्हतं. ठाण्याला न्या म्हणाले. गाडी मिळेना, म्हणून नवऱ्याने मोबाईलवरून मित्राला चालवायला बोलावलं आणि स्वतःचा टेम्पो काढला. मागे कोऱ्या कापडाचे तागे भरलेले होते, ते उतरवायला वेळ नव्हता, त्या ताग्यांवरच निजवलं. पुढे कंटेनरची रांग. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, कुणी सरकत नाही. पांढरं कापड खालून लाल होत चाललंय आणि मला थंडी वाजतेय, असं ती म्हणाली, आणि तिचे दात खरोखर वाजले. ठाण्याच्या डॉक्टरने जीव वाचवला, पण पिशवी काढावी लागली. "पोटात आता कोन येनार नाय," पुतळाबाई म्हणाली. "घर रिकामा केला आनि मालकाला जित्ता ठेवला."

कंटेनर गेले असतील, नसतील. कॅमेरा हलला असेल. ऋतिका रडत होती. मी बघत होते दिपालीकडे. तिच्या हातातला भाताचा घास तसाच होता, रूपा तोंड उघडून बसली होती आणि घास काही पुढे जात नव्हता.

तेव्हा मला कळलं. दोन वर्षांपूर्वी, रूपा झाल्यावर, दिपाली बरेच दिवस ठाण्याला होती हे मला ठाऊक होतं. ताप आला होता, असं घरातून सांगितलं गेलं होतं. टेम्पो भाविक चालवतो. मोबाईलही त्याचाच.

मला रिक्षापर्यंत सोडायला दिपाली आली. मी काही विचारलं नाही, तीच बोलली. घरात सासू आणि नवरा सोडून कुणाला हे माहीत नव्हतं. चुलतसासरे, म्हणजे केसरीनाथ, गोदामांच्या भाड्यावर घर चालवणारे, सगळ्या भावकीचे कारभारी. जमिनीला मुलगा हवा, हे त्यांचं पालुपद. पिशवी नाही कळलं तर ते भाविकसाठी दुसरी मुलगी बघायला लागतील, एवढी साधी गोष्ट होती. भाविक नाही म्हणेल, पण किती दिवस म्हणेल?

मी म्हटलं, मग आईंनी असं सगळं बोलून टाकलं, तुला राग नाही आला?

ती म्हणाली, "राग काय. मी बेशुद्ध होतू बाय. मना पन आजच कल्ला, काय झाला ता."

आता सांगा, ही गोष्ट कोणाची? जिच्यावर बेतली तिला आठवत नाही, जिला आठवते तिच्यावर बेतली नाही. मी चाळीस वर्षं दुसऱ्यांची दुःखं बोलून पोट भरलं, पण तिकीट काढून आलेल्या माणसाला ठाऊक असतं की समोर नटी आहे. इथे समोर कोण आहे?

महिन्याभरात पुतळाबाई इंटरनेटवर आली. भिवंडीत धामणकर नाक्याच्या बाजूला एका सायबर कॅफेत ऋतिका आम्हा दोघींना घेऊन गेली. प्लायवूडच्या कप्प्यात तिघी कोंबून बसलो. पडद्यावर पुतळाबाई डोळे मिटून बोलत होती आणि खुर्चीवर पुतळाबाई डोळे फाडून बघत होती. कॅफेवाला मागून म्हणाला, "चाची, आप तो फेमस हो गई." पुतळाबाईने त्याला विचारलं, ती बाय आता कुठं बसलेय? कोनगावला का इथं? तो म्हणाला, सब जगह. हे उत्तर तिला पटलं नाही. सगळीकडे फक्त देव असतो, आणि त्यालाही धवल्यात नाव घेऊन बोलवावं लागतं.

खाली लोकांनी खूप लिहिलं होतं. ऋतिका वाचून मराठीत सांगायची. नाशिकच्या एका शिक्षिकेने लिहिलं, माझी बहीण अशीच गेली. परदेशातल्या कुणा बाईने लिहिलं, आजी, तुम्ही आमच्या सगळ्यांच्या वतीने बोललात. पुतळाबाईने मान डोलावली. वतीने बोलणं हा तिचा धंदाच होता. तिने ऋतिकाला विचारलं, ती बाय जेवली का, इचार. ऋतिकाने खरंच तसं लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईचं उत्तर आलं की जेवले, वरणभात.

मागणीवर नावं वाढत गेली. संस्थेची माणसं खूश. मग एक दिवस कुणीतरी अगदी प्रेमाने विचारलं. आजी, तुमची ती पोर आता तिशीची असेल. तुमच्या बाळंतपणाच्या वेळी मोबाईल होते का?

एवढं एकच वाक्य. त्याखाली दुसऱ्याने लिहिलं, बरोबर, आणि एवढे कंटेनर तरी कुठे होते? तिसऱ्याने लिहिलं, ही म्हातारी शिकवून बसवलेली आहे. चौथ्याने शोध लावला की या कामात एक जुनी नटी आहे. झालं. मी अर्ध्या जन्मात इतकी प्रसिद्ध झाले नव्हते.

मुंबईहून निरोप आला. संस्थेचं म्हणणं चुकीचं नव्हतं. हे बोलणं खरं असेल तर ज्या बाईचं आहे तिचं नाव आणि तिची संमती हवी. नसेल तर पुतळाबाईने कॅमेऱ्यासमोर सांगावं की हे माझं नाही, मी बनवून सांगितलं, आणि ते काढून टाकू. एका खोट्यामुळे बाकी बायांच्या खऱ्या गोष्टीही लोक खोट्या मानतील. ऋतिका हे सांगताना जमिनीकडे बघत होती. तिला उत्तर ठाऊक होतं असा माझा अंदाज. ती विचारत नव्हती, कारण विचारलं तर तिला ते लिहावं लागलं असतं.

त्याच सुमारास ते बोलणं ब्लूटूथवरून गोदामांच्या पट्ट्यात फिरलं आणि केसरीनाथांपर्यंत पोचलं. ते हसत हसतच ओट्यावर आले. म्हणाले, वैनी, पिशवी कवा काढलीस? दादाने मरेपर्यंत सांगला नाय. पुतळाबाई म्हणाली, तुमाला सांगून काय, तुमी काय ती भाड्याने देनार होते? ते मोठ्याने हसले. त्यांना वाटत होतं, वहिनीने नटीच्या नादाने सोंग केलं. पण जाताना ते दारातल्या रूपाला बघून थांबले आणि म्हणाले, हिला भाऊ कवा? दिपालीने पाणी आणायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

दुसऱ्या चित्रीकरणाचा दिवस ठरला. त्या सकाळी मी लवकर गेले. पुतळाबाई चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. मी तिला सरळ विचारलं. सुनेला झाकण्यासाठी तू मुद्दाम तिचं दुखणं आपलं म्हणून सांगितलंस, की सवयीने तोंडातून निघून गेलं?

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. म्हणाली, मना म्हायत नाय. डोले मिटले, तर पोर शेजारी बसलेली दिसली, तोंड बंद. मंग तिचा बोलाया नको?

मी म्हटलं, पण लोक म्हणतात हे खोटं आहे.

"टेम्पोत मी होतू," ती म्हणाली. "त्या लोकांमदला कोन होता?"

मग तिनेच मला उलट विचारलं. त्या नाटकात तू मेलीस, तेव्हा कुणी येऊन म्हणाला का, ही खोटी मेली? मी म्हटलं, नाही, पण ते नाटक होतं. ती म्हणाली, आणि हे काय आहे? मी मनात मोजून पाहिलं. नाटक नाही, धवला नाही, कोर्टातली साक्ष नाही. या नव्या जागेला कुठले नियम लागू होतात हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. भाकरी फुगली आणि आम्ही दोघी तिच्याकडे बघत बसलो.

शेवटच्या अंकाआधी थोडं पुढचं सांगून टाकते, कारण नंतर बोलायला मी उरणार नाही. ती संस्थेची साइट पुढे बंद पडली. आता ते पान उघडत नाही, कॅफेच्या जागी मोबाईलचं दुकान आलं. त्या मागणीच्या नावांचं काय झालं, कुणी कुठे नेऊन दिली, मला नीट कळलं नाही. ज्याला विचारावं तो दुसऱ्याचं नाव सांगायचा. केसरीनाथ त्या दिवशी काय समजले, तेही मला कळलं नाही. रूपाच्या भावाचा विषय त्यांनी माझ्यासमोर पुन्हा काढला नाही. माझ्या पाठीमागे काढला असेल तर माहीत नाही. पुतळाबाई त्यानंतर काही वर्षं लग्नांत जात राहिली, मग गळा बसला, मग तीही गेली. तिच्या दिवसांना दिपालीने मला डिंकाचे लाडू दिले. मरणाच्या घरात लाडू कसे, असं कुणीतरी विचारलं, आणि दिपाली म्हणाली, हे नटीबायसाठी हायत, त्यांचा नि आईंचा जुना काय तरी हाय.

आता पुन्हा तो ओटा. लाल खुर्ची, तीन पायांचा कॅमेरा. फरक एवढाच की भिंतीला टेकून केसरीनाथ बसलेले, तंबाखू मळत, गंमत बघायला आलेले. ऋतिका हळू आवाजात म्हणाली, आजी, मागच्या वेळी तुम्ही जे सांगितलंत ते कोणाचं आहे? तुमचं नसेल तर तसं सांगा. कोणाचं आहे ते ठाऊक असेल तर तेही सांगा.

पुतळाबाईने पदर पुढे ओढला नाही. डोळेही मिटले नाहीत.

रस्त्यावरून कंटेनर गेला, फरशी थरथरली, ऋतिका थांबली. तो आवाज विरतो न विरतो तोच आतून दिपाली बाहेर आली. हाताला पीठ तसंच. ती खुर्चीजवळ आली आणि कॅमेऱ्याच्या समोर, सासूच्या शेजारी उभी राहिली. मांडवात नवरी असते तशी, मान खाली. पण ओठ हलले. मी शपथेवर सांगते, ती बोलणार होती. केसरीनाथांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

पुतळाबाईने वर न बघता तिच्या मनगटाला धरलं. म्हणाली, "दूद उतू जाईल. आत जा." चुलीवर दूध नव्हतं. मी मघाशी तिथेच बसले होते. दिपाली हलली नाही. पुतळाबाईने धरलेलं मनगट सोडलं नाही. जा म्हणते आणि सोडत नाही, अशी दोघी त्या कॅमेऱ्यात उभ्या-बसल्या राहिल्या. चाळीस वर्षांच्या रंगभूमीवर इतकी लांब स्तब्धता मी कधी सांभाळली नाही.

मग हात सुटला. दिपाली आत गेली. केसरीनाथ तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले, नंतर हातातल्या तंबाखूकडे, आणि तो त्यांनी तोंडात न टाकता बाजूला झटकून टाकला.

ऋतिकाने विचारलं, आजी, मग मी काय लिहू?

पुतळाबाई कॅमेऱ्याच्या काचेत बघत म्हणाली, "लिव, कोनगावची म्हातारी खोटा बोलली. पर रगत ठेवाची पेटी भिवंडीत कवा येनार, ता आधी इचार."